फॉर्मवरची रिकामी ओळ

एक मजकूर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांखालून गेलेला असतो, पण तो ‘वाचला’ असं कुणी म्हणत नाही. समुपदेशकाच्या खोलीबाहेर बसलेलं असताना तो हातात येतो, नाहीतर एखाद्या ॲपवर ‘सुरुवात करण्याआधी तुमच्याबद्दल थोडंसं’ अशा गोड मथळ्याखाली. नऊ वाक्यं असतात. प्रत्येकापुढे चार पर्याय: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. बेरीज जास्तीत जास्त २७. बोट वर सरकवत आपण शेवटाला येतो आणि आकडा मिळतो. १४. शेजारी शब्द: ‘मध्यम’.

या मजकुराचं नाव पीएचक्यू-९. नैराश्य मोजण्यासाठी जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी ही एक. मराठीतही ती मिळते. थेरपी सुरू झाली की ठरावीक दिवसांनी ती पुन्हा भरून घेतात आणि आकडा उतरला तर ‘प्रगती आहे’ असं म्हणतात.

कवितेची, कादंबरीची, वेब सिरीजची समीक्षा आपण करतो. मग आपलं दुःख किती आणि ते कमी झालं की नाही, हे ज्या नऊ वाक्यांवरून ठरतं, त्यांची का करू नये? आणि तिला पर्याय म्हणून जे फॉर्म पुढे आले, ज्यांत प्रश्नाची जागाच रिकामी असते आणि ती आपण आपल्या शब्दांत भरायची असते, तेही असंच वाचायला हवेत. कारण रिकामी जागा दिसते तितकी रिकामी नसते.

नऊ वाक्यांतली माणसं

पीएचक्यू-९ रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोन्के यांनी तयार केली. तिचा मुख्य शोधनिबंध २००१ साली आला. त्यामागे फायझर या औषध कंपनीचं अनुदान होतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत, नैराश्याची नऊ लक्षणं दिलेली आहेत. एकेका लक्षणाचं एकेक वाक्य झालं. हेतू साधा होता. फॅमिली डॉक्टरकडे वेळ कमी असतो. पाठदुखी किंवा ॲसिडिटी घेऊन आलेल्या माणसाला खरं तर नैराश्य आहे का, हे चटकन कळावं. त्या कामासाठी ती चोख आहे, शिवाय फुकट आहे.

आता ती मजकूर म्हणून वाचू. सातवं वाक्य एकाग्रतेबद्दल आहे आणि उदाहरणं दिली आहेत वर्तमानपत्र वाचण्याची आणि टीव्ही बघण्याची. हा कुठल्या काळातला, कुठल्या बैठकीच्या खोलीतला माणूस आहे, ते लगेच कळतं. पंधरा सेकंदांची रीलही पुरी न बघता पुढे सरकवणाऱ्याने इथे काय उत्तर द्यायचं? तिसऱ्या वाक्यात झोप न येणं आणि फार येणं एकत्र आहे. पाचव्यात भूक मरणं आणि अती खाणं. आठव्यात हालचाली मंदावणं किंवा उलट एका जागी बसवत नसणं. म्हणजे रात्रभर टक्क जागा असलेला मुलगा आणि दुपारचे दोन वाजले तरी अंथरुणातून न उठलेली मुलगी, दोघांनाही तीनच गुण.

पण सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे. या नऊ वाक्यांत दुसरी माणसं किती येतात? फक्त दोनदा. सहाव्या वाक्यात कुटुंब येतं, ज्याची तुम्ही निराशा केलीत असं तुम्हाला वाटतं. आठव्यात इतर लोक येतात, ज्यांच्या लक्षात तुमचा मंदपणा आला असेल. बस. एकाही वाक्यात दुसऱ्या कुणी तुमचं काही केलेलं नाही. घरमालक नाही, बॉस नाही, आडनाव ऐकून सूर बदलणारा मित्र नाही, सोडून गेलेली व्यक्ती नाही, डोक्यावरचं कर्ज नाही. नऊही वाक्यांचा कर्ता एकच: तुम्ही. बाकीचं जग एक तर नाराज झालेलं, नाही तर बघत बसलेलं.

याला कुणी म्हणेल, थर्मामीटर ताप किती ते सांगतो, डास कुठल्या गटारातला ते विचारत नाही. बरोबर आहे. चाळणी म्हणून या प्रश्नावलीकडून याहून जास्त मागण्यात अर्थ नाही. अडचण सुरू होते ती चाळणीचीच मोजपट्टी झाल्यावर.

इंग्लंडमध्ये २००८ पासून हे मोठ्या प्रमाणावर झालं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या पुढाकाराने सरकारी आरोग्यसेवेत मोफत बोलउपचारांची योजना आली. तिचं आजचं नाव ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’. तिथे प्रत्येक भेटीत पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठीची जीएडी-७ भरून घेतात. पहिलीत १० च्या खाली आणि दुसरीत ८ च्या खाली आलात की तुम्ही ‘बरे झालेले’. निम्मे लोक असे बरे व्हावेत, हे राष्ट्रीय उद्दिष्ट. या योजनेचा एक मोठा गुण मान्य करायलाच हवा: बोलण्याने बरं वाटतं की नाही, हा श्रद्धेचा विषय उरला नाही, निकाल लोकांसमोर मांडले गेले. पण त्याचबरोबर १० आणि ९ यांच्यामधली बारीक रेघ ही एखाद्याच्या आयुष्यातली सीमा झाली. मापाचं उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप राहत नाही, असं अर्थशास्त्रात गुडहार्टच्या नावाने सांगतात. थेरपीलाही ते लागू पडतं.

शापिरोची कार्डं

मजा अशी की याहून वेगळी वाट बरीच जुनी आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ माँटी शापिरो यांनी १९६१ साली ‘पर्सनल क्वेश्चनेअर’ मांडला. कल्पना सोपी होती. रुग्णाशी बोलायचं, त्याचा त्रास त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचा आणि प्रत्येक त्रासाची तीन वाक्यं करायची: आज आहे तशी स्थिती, सुधारलेली स्थिती, बरं झालेली स्थिती. मग ही वाक्यं दोन-दोन करून समोर ठेवायची आणि विचारायचं, यातलं आज तुझ्या जवळचं कुठलं?

समजा, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी आहे. तिचं पहिलं वाक्य असेल, ‘बाबांचा फोन आला की पोटात गोळा येतो.’ दुसरं, ‘बाबांचा फोन आला की जरा धडधडतं, पण मी उचलते.’ तिसरं, ‘बाबांशी मी नेहमीसारखी बोलते.’ तिने आकडा द्यायचाच नाही, फक्त वाक्य निवडायचं. या जोड्यांमधून तिची उत्तरं एकमेकांशी जुळतात का, हेही तपासता येतं. म्हणजे शास्त्र सुटत नाही आणि पोटातला गोळाही सुटत नाही.

पीएचक्यू-९ मध्ये या वाक्याला जागाच नाही. तिची झोप ठीक असेल, भूक ठीक असेल, बेरीज ८ येईल, आणि फॉर्म सांगेल की फारसं काही नाही.

शापिरोनंतर या वाटेवर बरेच जण चालले. १९६८ मध्ये अमेरिकेत किरेसुक आणि शेर्मन यांनी ‘गोल अटेनमेंट स्केलिंग’ आणलं: उद्दिष्ट तुमचं, आणि ते किती गाठलं याची पट्टी उणे दोन ते अधिक दोन. रॉबर्ट एलियट यांनी शापिरोची पद्धत सोपी केली: तुमच्या शब्दांतल्या दहाएक अडचणींची यादी, आणि गेल्या सात दिवसांत प्रत्येकीने किती छळलं याचे सात टप्पे. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये शार्लट पॅटर्सन यांनी सर्वसाधारण आजारांसाठी ‘मायमॉप’ हा छोटा फॉर्म केला, आणि त्याच धर्तीवर पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मार्क ॲशवर्थ आणि सहकाऱ्यांनी मानसिक त्रासासाठी ‘सायक्लॉप्स’ तयार केला. नाव उच्चारताना ग्रीक पुराणातला एकडोळ्या राक्षस आठवतो.

सायक्लॉप्स मला या सगळ्यांत वाचनीय वाटतो. त्यात मोजायचे प्रश्न चारच. तुम्हाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट कोणती? खाली रिकामी ओळ. आणखी एखादी? पुन्हा रिकामी ओळ. या त्रासामुळे कुठली एक गोष्ट करणं जड जातं? तिसरी ओळ. आणि शेवटी, गेल्या आठवड्यात एकंदर कसं वाटलं? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज २०. आपल्या मुलीने तिसऱ्या ओळीवर लिहिलं, ‘अभ्यासिकेत ओळखीच्यांच्या शेजारी बसणं.’ सहा आठवड्यांनी तिला तिचीच ही वाक्यं परत दाखवतात आणि विचारतात, आता किती?

फरक लक्षात घ्या. पीएचक्यू-९ मध्ये दर वेळी तेच अनोळखी वाक्य भेटतं. सायक्लॉप्समध्ये भेटते ती सहा आठवड्यांपूर्वीची आपण. स्वतःचं जुनं वाक्य परत वाचणं हाच उपचाराचा एक भाग होऊन बसतो. ब्रिटनमधल्या अभ्यासांत असंही दिसलं की लोकांनी या ओळींवर लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी तयार प्रश्नावल्यांत कुठेच बसत नाहीत. पेशावरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ या कार्यक्रमाची चाचणी ३४६ प्रौढांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यातही तयार प्रश्नावल्यांच्या जोडीला सायक्लॉप्स होता.

ओळ कुणाची?

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला: नऊ ठोकळ वाक्यं टाकून द्या, रिकाम्या ओळी द्या. पण समीक्षकाने आवडत्या मजकुरावर जास्त संशय घ्यावा.

पहिला संशय आकडेशास्त्राचा. ‘सर्वांत जास्त छळणारी गोष्ट’ विचारली की माणूस सर्वांत उंच लाट दाखवणार. उंच लाट काही दिवसांत आपसूकही खाली येते. त्यामुळे या फॉर्मवर सुधारणा बहुतेक वेळा मोठी दिसते आणि तिचं सगळं श्रेय थेरपीला देता येत नाही. शिवाय एकीचा पोटातला गोळा आणि दुसऱ्याची लोकलच्या गर्दीची भीती, दोन्ही ५ वरून ३ वर आले, तर त्यांची सरासरी म्हणजे नेमकी कशाची सरासरी?

दुसरा संशय लाजेचा. पहिल्या दिवशी माणूस खरं लिहितो का? घरातल्याच कुणी केलेला अत्याचार, स्वतःची लैंगिकता, वसतिगृहात जातीवरून झालेला अपमान, या गोष्टी रिकाम्या ओळीवर आपणहून उतरत नाहीत. रिकामी ओळ स्वातंत्र्य देते आणि लपायला जागाही देते. इथे पीएचक्यू-९ चं नववं वाक्य आठवायला हवं. जगण्यापेक्षा मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हे ते सरळ विचारतं. सायक्लॉप्स ते विचारत नाही. कुणीच आपणहून सांगणार नाही असा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा, हे ठोकळ फॉर्मचं नैतिक बळ आहे. या वाक्याला शून्याहून जास्त गुण पडले की नीट प्रशिक्षित माणूस बेरीज बाजूला ठेवतो आणि बोलायला लागतो.

तिसरा संशय तुमच्या हातातल्या फोनबद्दल. १४ हा आकडा कुणाच्या हाती लागला तर त्याला फार काही कळत नाही. ‘बाबांचा फोन आला की पोटात गोळा येतो’ हे वाक्य लागलं तर सगळं कळतं. वाक्याला चेहरा असतो. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीने ग्राहकांचे ईमेल आणि आरोग्यविषयक प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ठेवला. प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं. फॉर्म जितका माझा, तितका तो चोरण्याजोगा. तेव्हा ‘तुमच्या शब्दांत लिहा’ म्हणणाऱ्या ॲपला आधी विचारावं, माझे शब्द राहणार कुठे?

मराठीत ‘बरं वाटणं’

चौथा संशय भाषेचा, आणि तो आपल्या जवळचा. नव्वदच्या दशकात विक्रम पटेल हरारेत काम करत होते. तिथे शोना भाषा बोलणारे लोक नैराश्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणत, म्हणजे फार विचार करणं. पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये स्थानिक बोलण्यातूनच १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार केली. पुढे बाकावर बसून समुपदेशन करणाऱ्या आज्यांमुळे गाजलेल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ने तीच वापरली. ही मधली वाट आहे: प्रश्न एकट्याचे नाहीत, पण परकेही नाहीत.

पटेल यांची दुसरी कर्मभूमी गोवा. तिथे ‘संगाथ’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ लोकांवर ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ची चाचणी घेतली, निष्कर्ष २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ भेटींत दिलेला हा उपचार नैराश्यावर चालतो, हे तिने दाखवलं. या चाचणीत प्रवेश कुणाला? पीएचक्यू-९ मध्ये १४ हून जास्त गुण असलेल्यांना. म्हणजे आपण ज्या नऊ वाक्यांची चिरफाड केली, त्यांच्यावाचून हा पुरावा या पद्धतीने उभा राहिला नसता. शेकडो लोकांची तुलना करायची तर सगळ्यांसाठी सारखी फूटपट्टी लागतेच.

पण मराठी बोलणारं माणूस दुःख सांगतं कसं? ‘कशात जीव रमत नाही.’ ‘घोर लागलाय.’ ‘हाय खाल्ली.’ ‘धसका बसला.’ ‘डोकं भणभणतं.’ ‘कसंतरीच होतं.’ यातलं ‘रस किंवा आनंद कमी होणं’ कोणतं आणि ‘उदास वाटणं’ कोणतं, हे वेगळं काढायला बसलात तर कळतं की आपली भाषा मन आणि शरीर यांचे दोन रकाने करत नाही. धसका छातीत असतो, हाय अन्नावरून वासना उडवते, घोर रात्री जागवतो. रिकाम्या ओळीचा खरा फायदा इथे आहे: ती या शब्दांना जशाच्या तशा येऊ देते.

अट एकच. ओळ त्या माणसानेच भरायला हवी. लिहिता न येणाऱ्या बाईंच्या वतीने समुपदेशक लिहितो तेव्हा ‘काळजात धस्स होतं’चं ‘चिंता वाटते’ व्हायला एक क्षण पुरतो. चांगल्या हेतूने केलेलं हे शुद्धलेखन म्हणजे नऊ वाक्यांकडे मागच्या दाराने परत जाणं आहे. आणि इंग्रजीतून थेरपी घेणाऱ्या मराठी मुलामुलींना हे आणखी ओळखीचं असेल. आपण ‘अँक्शियस’, ‘ट्रिगर’, ‘बाउंड्रीज’ असं भरभर लिहून टाकतो. शब्द नेमके वाटतात, पण पोटातला गोळा नेमका कुठल्या शब्दाने सुटेल, ते मात्र आईशी बोलायच्या भाषेत असतं.

आकडा चढला तर?

मग मोजायचंच कशाला? थेरपिस्टला चेहऱ्यावरून कळत नाही का? दुर्दैवाने, नाही. अमेरिकेत मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाने २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात थेरपिस्टना विचारलं, तुमच्या क्लायंटपैकी कोणाची तब्येत बिघडत जाईल? ५५० जणांपैकी त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात ४० जण बिघडलेल्या अवस्थेत गेले, आणि त्या तिघांतला एकच त्यांत होता. प्रेमळ नजरसुद्धा आंधळी असते. मोजणं त्यासाठी लागतं.

पण काय मोजायचं, याचं उत्तर मला सायक्लॉप्सच्या मधल्या आवृत्तीत, थेरपी चालू असताना भरायच्या फॉर्ममध्ये सापडतं. त्यात आणखी एक प्रश्न येतो: उपचार सुरू झाल्यापासून एखादी नवी गोष्ट महत्त्वाची वाटू लागली आहे का? आपल्या मुलीकडे परत जाऊ. सहाव्या आठवड्यात बाबांच्या फोनला ५ चे २ झालेत. आणि नव्या ओळीवर ती लिहिते, ‘मला ही परीक्षा द्यायचीच नाहीये.’ गुण ५. हा आकडा पुढच्या आठवड्यात कदाचित उतरणारही नाही. सगळ्या आकड्यांचा आलेख काढला तर ती अडकलेली दिसेल. फॉर्म वाचता येणाऱ्याला मात्र दिसेल की सहा आठवड्यांत पहिल्यांदाच एका वाक्याचा कर्ता फोनवरून सरकून ‘मला’वर आला आहे.

इथे पीएचक्यू-९ शी तुलना पुरी होते. तिथेही कर्ता सतत तुम्हीच होतात, पण लक्षणांचे मालक म्हणून. इथला ‘मला’ काहीतरी मागतो आहे. या दोन ‘मी’मधलं अंतर कुठल्याच बेरजेत येत नाही, ते वाचावं लागतं. म्हणून दोन्ही फॉर्म हवेत, पण पायरी ठरलेली हवी. ठोकळ प्रश्नावली धोका ओळखायला आणि अनेकांची तुलना करायला. माझी प्रश्नावली मला काय हवंय ते शोधायला. आणि मॅनेजरच्या तक्त्यात यापैकी जे जातं, ते माझ्या प्रगतीचं प्रमाणपत्र नाही.

थेरपी घेत असाल तर एक साधी गोष्ट करता येईल. पुढच्या भेटीत आकडा किती झाला हे विचारून झाल्यावर, पहिल्या दिवशी तुम्ही स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं होतं ते कुठे लिहून ठेवलंय का, तेही विचारा. ठेवलं असेल तर ते मोठ्याने वाचायला सांगा. वाक्य तेच असेल आणि आकडा उतरला असेल, तर चांगलंच आहे. वाक्यच बदललं असेल, तर बोलायला विषय मिळाला. आणि कुठेच लिहून ठेवलेलं नसेल, तर आजच एक ओळ लिहून द्या, ज्या भाषेत ती आधी सुचेल त्या भाषेत.